रॅशनल रोझमधलं डिझाइन नव्या साधनात नेताना: एका ब्लिस्टर पॅकिंग यंत्राचं प्रकरण

औषधाच्या गोळ्या ज्या पानात येतात ते पान बनवणारं यंत्र म्हणजे ब्लिस्टर पॅकिंग मशीन. पीव्हीसीची फिल्म तापवून तिला खळगे पाडायचे, खळग्यांत गोळ्या सोडायच्या, एखादा खळगा रिकामा राहिला तर कॅमेऱ्याने तो पकडायचा, वरून अ‍ॅल्युमिनियमची फॉइल तापवून दाबून चिकटवायची, बॅच नंबर उमटवायचा, पानं कापायची. फिल्म सरकत असतानाच हे सगळं चालतं. यंत्र सुरळीत चालू असतं तेव्हा सॉफ्टवेअरची फारशी कसोटी लागत नाही. ती लागते काहीतरी बिघडल्यावर: गोळी अडकली, फॉइल संपली, गार्डचं दार कुणी उघडलं, सीलिंगचं तापमान घसरलं. अशा वेळी कोणता भाग आधी थांबायचा, कोणता नंतर, आणि पुन्हा सुरू करताना कुठून सुरुवात करायची, हे डिझाइनमध्ये लिहिलेलं असावं लागतं.

पुणे परिसरातल्या एका यंत्र बनवणाऱ्या कंपनीत या यंत्राच्या सॉफ्टवेअरचं डिझाइन २००१च्या सुमारास रॅशनल रोझ या डिझाइनच्या आकृत्या काढण्याच्या साधनात काढलेलं होतं. ते एंटरप्राइज आर्किटेक्ट या त्याच प्रकारच्या नव्या साधनात हलवण्याच्या कामात मी सुरुवातीपासून होते. कंपनीचं किंवा माणसांचं नाव इथे देत नाही, काम कसं झालं ते मात्र तपशिलाने लिहिते. मॉडेल, म्हणजे आकृत्या आणि त्यांमागची माहिती, हलवायचं म्हणजे फाइल एका फॉरमॅटमधून दुसऱ्यात न्यायची, अशी समजूत आजही सर्रास आहे. त्या समजुतीवर वेळापत्रक आखलं की कामाचा सर्वांत अवघड भाग त्यात धरलाच जात नाही.

रोझमध्ये का होतं, आणि का हलवायचं

यूएमएल ही सॉफ्टवेअरचं डिझाइन आकृत्यांत मांडण्याची प्रमाणित भाषा. तिच्या १.१ आवृत्तीला ओएमजी या प्रमाणं ठरवणाऱ्या संघटनेने नोव्हेंबर १९९७मध्ये मान्यता दिली. ती घडवणारे ग्रेडी बूच, जेम्स रम्बॉ आणि इव्हार याकोब्सन हे तिघेही तेव्हा रोझ बनवणाऱ्या रॅशनल कंपनीत होते, त्यामुळे यूएमएल काढायचं तर रोझ उघडायचं, हे गृहीतच असे. पुढे २००३मध्ये आयबीएमने रॅशनल विकत घेतली, २००५मध्ये यूएमएल २.० आलं, नवी साधनं एक्लिप्स या प्रोग्रामिंगच्या मुक्त साधनाच्या पायावर उभी राहिली आणि रोझ मागे पडत गेलं. आमच्या मॉडेलला यातलं काहीच शिवलं नाही. सी++चा कोड दरवर्षी बदलत होता, यंत्राची नवी आवृत्ती येत होती, आणि प्रत्येक बदलाच्या वेळी कुणीतरी एक जण विंडोज एक्सपीची व्हर्च्युअल मशीन सुरू करून रोझमध्ये आकृती दुरुस्त करत होता.

एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४मध्येच थांबवला. ती मशीन नेटवर्कवर ठेवायला आयटी विभागाचा विरोध होता आणि तो रास्त होता. त्याहून मोठं कारण ग्राहकांकडून आलं. औषध कंपनी यंत्र घेते तेव्हा सोबत कागदांची पूर्ण फाइल घेते. वापरकर्त्याची गरज म्हणजे यूआरएस, मग फंक्शनल स्पेसिफिकेशन, मग डिझाइन स्पेसिफिकेशन, आणि प्रत्येकाला जोडलेल्या चाचण्या. औषध उद्योगातल्या संगणकप्रणालींसाठीच्या जीएएमपी ५ या मार्गदर्शिकेची दुसरी आवृत्ती २०२२मध्ये आली आणि ऑडिटला येणाऱ्यांचे प्रश्न अधिक नेमके झाले. ‘हा बदल केला, तर डिझाइनमधल्या कोणत्या गोष्टीवर परिणाम झाला ते दाखवा,’ असं ते म्हणत. रोझमधून वर्डमध्ये काढलेली शेकडो पानं पुढे ठेवून या प्रश्नाचं उत्तर देता येत नाही.

नव्या साधनाची निवड मी थोडक्यात सांगते, कारण तिच्यावर जेवढी चर्चा झाली तेवढी तिची गरज नव्हती. एक्लिप्सचं पॅपिरस फुकट आणि प्रमाणाला धरून आहे, त्याचा विचार झाला. एंटरप्राइज आर्किटेक्ट दुसऱ्या विभागात आधीपासून वापरात होतं, शिवाय २०२२च्या सोळाव्या आवृत्तीपासून त्याची प्रोजेक्ट फाइल एसक्यूलाइट या साध्या डेटाबेसची असते. म्हणजे मॉडेलमध्ये काय आहे ते कुठल्याही साध्या एसक्यूएल क्वेरीने बाहेर काढता येतं. पडताळणीसाठी मला हेच हवं होतं.

फाइल उघडून पाहिल्यावर

रोझची एमडीएल फाइल टेक्स्ट असते. कंसात कंस, त्याच्या आत आणखी कंस. प्रत्येक वस्तू ‘ऑब्जेक्ट’ या शब्दाने सुरू होते, मग तिचा प्रकार, नाव, आणि मग ‘क्विड’ नावाचा हेक्साडेसिमल पद्धतीतला ओळख क्रमांक. मोठं मॉडेल असेल तर पॅकेजं वेगळ्या सीएटी फाइलींत तोडलेली असतात. मजकूर अनेक ओळींचा असेल तर प्रत्येक ओळीच्या आधी उभी रेघ असते. पायथनमध्ये याचा पार्सर, म्हणजे फाइल वाचून तिचे भाग सुटे करणारा प्रोग्राम, लिहिणं अवघड नाही, आणि माझं स्पष्ट मत आहे की हलवाहलव करणाऱ्याने तो स्वतः लिहावा. तयार रूपांतरक वापरला तरीही. मूळ फाइलमध्ये काय काय आहे ते एकदा डोळ्यांखालून गेल्याशिवाय रूपांतरकाने काय टाकून दिलं ते कळत नाही.

एक्सएमआय या मॉडेलांच्या देवाणघेवाणीच्या प्रमाणित फॉरमॅटचा रस्ता होताच. रोझमधून एक्सएमआय काढायचं, नव्या साधनात ओढायचं. पण यूएमएल १च्या काळातल्या एक्सएमआयमध्ये क्लास, संबंध, स्टेट हे सगळं प्रमाणानुसार असे. आकृतीत कोणता चौकोन कुठे ठेवला आहे, हे नसे. ते प्रत्येक साधन आपापल्या पद्धतीने जोडत असे. आकृत्यांची देवाणघेवाण यूएमएलच्या मूळ प्रमाणात आली ती २०१५च्या २.५ आवृत्तीत. आमच्या आकृत्यांची मांडणी जाऊन चालणार नव्हतं. डावीकडून उजवीकडे यंत्राची स्टेशनं ज्या क्रमाने उभी आहेत त्याच क्रमाने त्या काढलेल्या होत्या, आणि शॉपफ्लोअरवरच्या माणसांना त्या तशाच वाचायची सवय होती. म्हणून वस्तू आणि त्यांच्या जागा दोन्ही थेट एमडीएलमधून वाचून एंटरप्राइज आर्किटेक्टच्या ऑटोमेशन इंटरफेसने नव्या प्रोजेक्टमध्ये लिहायचं ठरलं. रोझमध्ये उभा अक्ष खाली वाढत जातो, इथे तो खाली जाताना ऋण होतो, असल्या गोष्टी एकदा समजल्या की संपतात.

काही गोष्टी मात्र अशा संपल्या नाहीत. सीएटी फाइलींचे पत्ते रोझ डॉलरच्या चिन्हाने सुरू होणाऱ्या एखाद्या सांकेतिक नावाने लिहितं आणि ते नाव म्हणजे कोणता फोल्डर, हे त्या त्या संगणकाच्या रजिस्ट्रीत असतं. ज्यांनी मूळ काम केलं त्यांचे संगणक केव्हाच भंगारात गेले होते. एका पॅकेजच्या तीन प्रती तीन फोल्डरांत सापडल्या, आणि खरी कोणती हे ठरवायला कोडची मदत घ्यावी लागली.

कोडने आणखी एक मोठी मदत केली. रोझने तयार केलेल्या सी++ फाइलींत प्रत्येक क्लासच्या आणि फंक्शनच्या डोक्यावर ‘मॉडेलआयडी’ अशी कॉमेंट असते, आणि तिच्यापुढचा क्रमांक म्हणजेच एमडीएलमधला क्विड. बऱ्याच जणांना ती कॉमेंट म्हणजे जुना कचरा वाटे, काही फाइलींतून ती काढूनही टाकलेली होती. उरलेल्या सगळ्या फाइलींत मात्र कोड आणि डिझाइन यांना जोडणारा तो एकमेव भरवशाचा धागा होता. नव्या साधनात प्रत्येक वस्तूला तिचा स्वतःचा वेगळा ओळख क्रमांक, म्हणजे जीयूआयडी, मिळतो, त्यामुळे जुना क्विड आम्ही प्रत्येक वस्तूला टॅग्ड व्हॅल्यू, म्हणजे जोडीची नोंद, म्हणून चिकटवला. या एका निर्णयामुळे पुढची निम्मी भांडणं टळली. कुठल्याही वादात जुन्या फाइलमधली, नव्या प्रोजेक्टमधली आणि कोडमधली वस्तू एकच आहे का, हे लगेच दाखवता येत होतं.

आता अक्षरांचं. रोझच्या त्या फाइली युनिकोडमध्ये नव्हत्या, विंडोजच्या जुन्या कोडपेजमध्ये, म्हणजे अक्षरांच्या जुन्या तक्त्यानुसार, होत्या. इंग्रजी मजकुराला त्याने फरक पडत नाही, पण ‘±’ आणि ‘°’ ही चिन्हं त्या कोडपेजमध्ये एकेका बाइटची असतात आणि यूटीएफ-८ म्हणून वाचली तर चुकीची ठरतात. चुकीचे बाइट गाळून पुढे जायचं, असा पर्याय देऊन फाइल वाचली की ‘१७०±५°’चं ‘१७०५’ होतं. सीलिंगचं तापमान सतराशे पाच. चाचणीच्या पहिल्याच फेरीत हे दिसलं म्हणून बरं. इतका वेडगळ आकडा डोळ्यात भरतो. ‘२±१’चं ‘२१’ झालं असतं तर ते डोळ्यात भरलं नसतं, म्हणून गाळण्याचा पर्याय बंद करून प्रत्येक फाइल तिच्या खऱ्या कोडपेजमध्येच वाचायची आणि एकही अनोळखी बाइट आला तर तिथेच थांबायचं, असा नियम केला.

आणि मग मराठी. स्टेट आकृत्यांवर काही टिपा होत्या, त्यांत नव्या साधनात नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसत होती. मूळ फाइल पाहिली तर तिथेही तीच खिचडी, पण टिपेच्या शेजारी फॉन्टचं नाव होतं: मराठी फॉन्ट, युनिकोडच्या आधीच्या काळातला. ऑपरेटरच्या पडद्यावर त्या त्या स्थितीत कोणता मराठी संदेश दाखवायचा, तो डिझाइन करणाऱ्याने थेट आकृतीवर लिहून ठेवला होता. रोझ प्रत्येक मजकुराबरोबर फॉन्टचं नाव जपतं म्हणूनच हे कळलं. रूपांतर करताना फॉन्ट ही दिखाऊ बाब समजून टाकून दिली जाते, इथे ती टाकली असती तर मजकुराची लिपी कोणती, हेच हरवलं असतं.

त्या फॉन्टची अक्षरं युनिकोडमध्ये आणायला तक्ता करावा लागला. नुसत्या तक्त्यानेही भागत नाही. अशा फॉन्टमध्ये पहिली वेलांटी डोळ्यांना दिसते तशी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलटं: तिथे तो शेवटी, इथे अक्षराच्या आधी. हे सोडवल्यावर ‘गार्डचे दार उघडे आहे. बंद करून रीसेट दाबा’ असली वाक्यं बाहेर आली. त्यांतले काही संदेश सध्याच्या सॉफ्टवेअरमध्ये चुकीच्या स्थितीला जोडलेले निघाले. कुठल्यातरी आवृत्तीत अलार्मचे क्रमांक सरकले होते आणि ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

दोन बाण, एक कृती

या प्रकरणाचा गाभा इथे आहे. आकृत्या हलल्या, जागच्या जागी बसल्या, जुन्या आणि नव्या छापून शेजारी ठेवल्या तर फरक सांगता येईना. तरीही त्यांतल्या काहींचा अर्थ बदलला होता.

यूएमएल १मध्ये अ‍ॅक्टिव्हिटी आकृती (कोणत्या कृतीनंतर कोणती, हे बाणांनी दाखवणारी) ही स्टेट मशीनचाच, म्हणजे स्थिती आणि त्यांतले बदल दाखवणाऱ्या आकृतीचाच, एक प्रकार मानली जाई. एखाद्या कृतीकडे दोन बाण येत असतील तर त्यांतल्या कुठल्याही एकावरून आलं की ती कृती सुरू होते. यूएमएल २मध्ये अ‍ॅक्टिव्हिटी स्टेट मशीनपासून वेगळी काढली आणि तिला टोकनांचा, म्हणजे बाणांवरून पुढे जाणाऱ्या कल्पित खुणांचा, नियम लावला. प्रत्येक बाणावरून टोकन येतं, आणि कृतीकडे येणाऱ्या सगळ्या बाणांवर टोकन आल्याशिवाय ती सुरू होत नाही. ‘यातला कुठलाही एक’ असं म्हणायचं असेल तर कृतीच्या आधी मर्ज नोड, म्हणजे रिकामा हिरा काढावा लागतो. जुनी आकृती जशीच्या तशी नव्या साधनात नेली की ‘किंवा’चं ‘आणि’ होतं. एकही रेघ हलत नाही.

आमच्याकडे हे उघड झालं ते चाचण्यांमुळे. सीलिंग स्टेशनच्या आकृतीत ‘रोलर खाली घे’ अशी कृती होती. तिच्याकडे एक बाण ‘तापमान गाठले’कडून येत होता, सकाळी यंत्र पहिल्यांदा सुरू करतानाचा. दुसरा ‘अडथळा काढला’कडून, मध्येच गोळी अडकल्यावर थांबवून परत सुरू करतानाचा. चाचण्या लिहिणारी मुलगी यूएमएल २ नीट शिकलेली. तिने आकृती वाचली आणि चाचणी लिहिली: तापमान गाठलं आहे पण अडथळा काढल्याची नोंद नाही, तर रोलर खाली येता कामा नये. चाचणीच्या बेंचवर रोलर खाली आला. तिने दोष नोंदवला.

कोड लिहिणाऱ्यांना तो दोष हास्यास्पद वाटला. असं झालं तर यंत्र सकाळी सुरूच होणार नाही. तिचं म्हणणं सरळ होतं: ‘डिझाइनमध्ये काय आहे ते दाखवते, बघा.’ आणि नव्या साधनातल्या, नव्या प्रमाणाप्रमाणे वाचलेल्या आकृतीनुसार तिचंच बरोबर होतं. ती चाचणी त्या दिवशी बेंचवर लागली नसती तर ऑडिटच्या फाइलमध्ये यंत्राच्या वागण्याच्या उलट सांगणारं डिझाइन सहीनिशी गेलं असतं. पुढचा कुणीतरी ते प्रमाण मानून कोड ‘दुरुस्त’ करायला बसला असता.

यावर सहज सुचणारा उपाय म्हणजे स्क्रिप्ट: ज्या कृतीकडे एकाहून जास्त बाण येतात तिच्या आधी मर्ज नोड घालून टाकायचा. यूएमएल १चा अर्थ ‘किंवा’ होता, तो तसाच राहील. ती स्क्रिप्ट लिहून तयारही होती. पण चालवण्याआधी अशा सगळ्या जागांची यादी काढली आणि मूळ डिझाइन ज्यांनी केलं होतं त्या निवृत्त सरांना बोलावलं. ते आनंदाने आले, चष्मा पुसून ए-३वरच्या छापील आकृत्या एकेक करून पाहू लागले.

इन्फीडच्या, म्हणजे गोळ्या आत सोडणाऱ्या भागाच्या, आकृतीवर ते थांबले. ‘इन्फीड सुरू कर’कडे दोन बाण: ‘गार्ड बंद’ आणि ‘हवेचा दाब ठीक’.

‘सर, इथेही कुठलाही एक आला तरी चालेल ना?’

‘अहो, काय बोलताय? गार्ड उघडं असताना इन्फीड चालू कराल? हात जाईल कुणाचा तरी. इथे दोन्ही लागतात.’

‘पण मग सर, दोन्ही बाण हवेतच असं सांगणारी जॉइनची आडवी पट्टी काढलेली नाही.’

‘काढायला हवी होती. तेव्हा सगळ्यांना माहीत होतं, म्हणून कुणी काढली नाही. कोडात बघा, दोन्ही तपासलंय.’

कोडात दोन्ही तपासलेलं होतं. म्हणजे प्रमाणाप्रमाणे जुन्या आकृतीचा अर्थ ‘किंवा’, काढणाऱ्याच्या मनात ‘आणि’, कोडात ‘आणि’. स्क्रिप्टने इथे मर्ज नोड घातला असता तर सुरक्षेचं इंटरलॉक, म्हणजे अटी पुऱ्या झाल्याशिवाय यंत्र चालू न देणारी व्यवस्था, डिझाइनमधून पुसलं गेलं असतं, आणि तेही ‘प्रमाणाला धरून’. आपोआप रूपांतराच्या बाजूने कितीही बोललं जात असलं तरी अशा जागी माणसाशिवाय गत्यंतर नाही, हे मी ठामपणे सांगते. यूएमएल १मधली आकृती यूएमएल १च्या नियमांनीच काढली होती, असं धरून चालणारा रूपांतरक एका अशा शिस्तीवर विसंबतो जी त्या काळच्या कुठल्याच कारखान्यात नव्हती.

मग प्रत्येक जागेसाठी तीन गोष्टी पाहायच्या ठरल्या: आकृती, आजचा कोड आणि माणसाचं म्हणणं. तिन्ही जुळले तर मर्ज किंवा जॉइन स्पष्ट काढायचा. कोड आणि माणूस जुळले, आकृती नाही, तर आकृती बदलून कारण टिपेत लिहायचं. कोड आणि माणूस यांच्यातच फरक असेल तर आकृतीला हात लावायचा नाही, वर ‘अनिर्णित’ असा स्टिरिओटाइप, म्हणजे शिक्का, लावायचा आणि बदल-विनंती उघडायची. बहुतेक जागी मर्जच निघाला. जॉइन निघाले ते जवळजवळ सगळे इंटरलॉकच्या आकृत्यांत, नेमके जिथे चूक महागात पडते तिथे.

कृतीतून बाहेर जाणाऱ्या बाणांचंही असंच आहे. यूएमएल २मध्ये कृतीतून दोन बाण निघाले तर दोन्हींवर टोकन जातं. जुन्या आकृत्यांत अटी लिहिलेले बाण थेट कृतीतूनच काढलेले होते. जिथे दोन अटी एकाच वेळी खऱ्या होऊ शकत होत्या तिथे निर्णयाचा हिरा घालून अटी एकमेकींना छेद देणार नाहीत अशा लिहाव्या लागल्या. हे काम कंटाळवाणं होतं, पण अर्थाबद्दल वाद फारसे झाले नाहीत.

मालकी कोणाची

क्लास आकृत्यांत दुसरा मोठा प्रश्न निघाला. रोझमध्ये संबंधाच्या टोकाला ‘कंटेनमेंट’ नावाचा गुणधर्म असतो: बाय व्हॅल्यू, बाय रेफरन्स, किंवा काहीच नाही. कोड तयार करताना बाय व्हॅल्यू असेल तर सी++मध्ये ती वस्तू थेट सदस्य होते, बाय रेफरन्स असेल तर पॉइंटर, म्हणजे वस्तूचा नुसता पत्ता. सीलिंग स्टेशनकडे रोलर बाय व्हॅल्यू होता. स्टेशन गेलं की रोलरही गेला. तापमान नियंत्रक मात्र बाय रेफरन्स, कारण तो फॉर्मिंग आणि सीलिंग या दोन्ही स्टेशनांत सामाईक.

रूपांतराच्या पहिल्या फेरीत दोन्हींचं पोकळ हिऱ्याचं, म्हणजे सैल नात्याचं, ॲग्रिगेशन झालं, कारण त्या टोकावर ‘ॲग्रिगेट’ असं लिहिलेलं होतं आणि कंटेनमेंट वाचलेलंच नव्हतं. पोकळ हिऱ्याबद्दल यूएमएलचं प्रमाण स्वतःच म्हणतं की त्याचा नेमका अर्थ क्षेत्रानुसार आणि मॉडेल करणाऱ्यानुसार बदलतो. म्हणजे डिझाइन स्पेसिफिकेशनमध्ये तो ठेवून कुणालाच काही कळत नाही. बाय व्हॅल्यूचं भरीव हिऱ्याचं, म्हणजे पक्क्या मालकीचं, कंपोझिशन केलं, बाय रेफरन्सचा साधा एकदिशा संबंध केला, पोकळ हिरा पूर्ण मॉडेलमधून काढून टाकला. जिथे काहीच लिहिलेलं नव्हतं तिथे हेडर फाइल उघडून पाहिलं. त्या निमित्ताने दोन ठिकाणी एकच पॉइंटर दोन वस्तू मोकळा करतायत, असंही सापडलं. तो कोडचा दोष होता, वेगळा नोंदवला.

बाकी किरकोळ. रोझ ‘अनेक’साठी ‘एन’ लिहितं, नव्या साधनात तारा हवा. तो ‘एन’ तसाच गेला तर कुणी तो एखादा ठरलेला आकडा समजेल. सीक्वेन्स आकृत्यांत, म्हणजे संदेशांचा क्रम दाखवणाऱ्या आकृत्यांत, रोझला लूप किंवा पर्याय यांच्या चौकटी नव्हत्या. लोक संदेशाच्या डाव्या बाजूला ‘प्रत्येक खळग्यासाठी’ असा मजकूर संदेशाला बांधून लिहीत. तो साध्या टिपेत आणला आणि खऱ्या चौकटी फक्त रिजेक्ट (सदोष पानं बाजूला काढणं) आणि रिकव्हरी (थांबल्यावर पुन्हा सुरू करणं) यांच्या आकृत्यांत काढल्या, जिथे चाचण्या त्यांवरून लिहिल्या जातात. रोझचा कंपोनंट म्हणजे प्रत्यक्षात सी++ची फाइल. यूएमएल २मध्ये फाइलसाठी आर्टिफॅक्ट आहे, म्हणून ते सगळे आर्टिफॅक्ट केले. खरे कंपोनंट, म्हणजे ठरलेल्या इंटरफेसने बदलता येणारे भाग, त्या मॉडेलमध्ये कुणी काढलेच नव्हते.

युज केसच्या, म्हणजे वापरकर्ता यंत्राकडून काय करून घेतो ते दाखवणाऱ्या, भागातल्या बऱ्याच आकृत्या आम्ही हलवल्या नाहीत. सुरुवातीच्या प्रशिक्षणाच्या वेळी काढलेल्या आणि नंतर कुणी न उघडलेल्या त्या आकृत्या नव्या मॉडेलमध्ये आणल्या असत्या तर शोधताना रोज अडथळा झाला असता. रोझमधून सगळ्या आकृत्यांची पीडीएफ काढून, गुणवत्ता विभागाची सही घेऊन, ती जुनी अवस्था म्हणून गोठवून ठेवली. ज्याला जुनं पाहायचं त्याला ते पाहता येतं.

जुळलं हे कसं सांगायचं

संख्या मोजणं सगळे करतात: इतके क्लास तिकडे, इतके इकडे. संख्या पहिल्याच फेरीत जुळल्या होत्या, पोकळ हिरे आणि चुकीचे बाण असतानाही. म्हणून मोजणीच्या पलीकडची तपासणी अशी केली की मॉडेलमधलं प्रत्येक विधान एका ओळीत लिहायचं. क्लास, ऑपरेशन, पॅरामीटर, त्याचा प्रकार. किंवा या क्लासकडून त्या क्लासकडे संबंध, या टोकाला अमुक भूमिका, इतके, मालकी अशी. एमडीएलमधून पार्सरने एक यादी, नव्या प्रोजेक्टमधून एसक्यूएलने दुसरी, दोन्ही क्विडनुसार लावून फरक काढायचा. आधी काही संबंधांची दोन टोकं अदलाबदल झालेली सापडली. ‘एका लाइनला अनेक स्टेशनं’चं ‘एका स्टेशनला अनेक लाइनी’ झालं होतं. मोजणीत ते दिसणं शक्यच नव्हतं.

ही यादी साध्या टेक्स्टची असल्याने गुणवत्ता विभागातल्या, यूएमएल न येणाऱ्या माणसांनाही वाचता आली. उरलेल्या प्रत्येक फरकापुढे कारण आणि सही. ऑडिटमध्ये पुढे हीच फाइल पाहिली गेली. आकृत्यांची सुबकता कुणी विचारली नाही.

नेमका अर्थ तपासायला मात्र यादी पुरली नाही, कारण बाणांच्या बाबतीत दोन्ही याद्या अक्षरशः सारख्या होत्या. तिथे सरांच्या बैठकाच उपयोगी पडल्या. त्या बैठका कामाच्या मूळ वेळापत्रकात नव्हत्या, नंतर मागून घ्याव्या लागल्या, आणि प्रत्येक वेळी ‘रूपांतर तर झालंय ना, मग आता काय राहिलंय?’ हा प्रश्न ऐकावा लागला. असं काम पुढे कुणी हाती घेणार असेल तर मूळ डिझाइन करणारा माणूस अजून भेटू शकतो तोवरच ते सुरू करा, आणि त्याच्या वेळेचे पैसे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीत लिहा.

सध्या डिझाइन स्पेसिफिकेशन नव्या प्रोजेक्टमधूनच निघतं. एक्सपीची मशीन नेटवर्कवरून काढली आहे, मिटवलेली नाही. ‘अनिर्णित’ शिक्का असलेल्या आकृत्या अजून थोड्या आहेत, आणि त्यांना स्पर्श करणारी कुठलीही बदल-विनंती आधी तो शिक्का निघाल्याशिवाय मंजूर होत नाही. रिजेक्ट स्टेशनचं पॅकेज हलवलेलंच नाही. कॅमेरा बदलल्यावर त्याचा कोड नव्याने लिहिला गेला आणि जुनं डिझाइन त्याला लागू राहिलं नाही. ते नव्याने काढायचं काम चाचण्या लिहिणाऱ्या त्याच मुलीकडे दिलं आहे.